वजन वाढलं, पण अंगी काय लागलं?

प्रति,
नळीवाटे अन्न घेणाऱ्या लहान मुलांवर उपचार करणारे सर्व बालरोगतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि परिचारिका

सप्रेम नमस्कार.

माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नाही, आणि ती पोटावरच्या नळीतून अन्न घेते. ती चार वर्षांची झाली त्या महिन्यातली गोष्ट. तपासणीच्या खोलीत मी तिला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभी राहिले, मग तिला सिस्टरांकडे देऊन एकटी उभी राहिले. दोन आकड्यांतला फरक फाइलवर लिहिला गेला: १५.८ किलो. डॉक्टरांनी ग्रोथ चार्टवर ठिपका मांडला आणि फाइल माझ्याकडे वळवली. ठिपका जवळजवळ मधल्या रेषेवर होता. दोन वर्षांची असताना हीच मुलगी ७.४ किलोची होती, तक्त्याच्या अगदी खालच्या रेषेच्याही खाली. "आता वजनाची काळजी सोडा," डॉक्टर म्हणाले. मला रडू आलं. दोन वर्षं दिवसातून पाच वेळा सिरिंज धरून बसल्याचं चीज झालं, असं वाटलं.

त्याच आठवड्यात फिजिओथेरपीच्या ताईंनी तिला खुर्चीत बसवायला घेतलं आणि छातीचा पट्टा लागेना. ताई थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं, "हिची उंची किती भरली?" मी फाइल उघडली. वजनाच्या रकान्यात दर भेटीचा आकडा होता. शेजारच्या लांबीच्या रकान्यात एकाखाली एक नुसत्या आडव्या रेघा होत्या. चौदा महिन्यांत एकदाही तिची लांबी मोजलेली नव्हती. कारण सगळ्यांना माहीत होतं: तिचे गुडघे सरळ होत नाहीत, कंबर एका बाजूला वळलेली, मोजपाटावर ती सपाट झोपू शकत नाही. म्हणून रेघ.

ताईंनी शिवणकामाची असते तशी साधी टेप घेतली. गुडघ्याच्या आतल्या बाजूला नडगीच्या हाडाची वरची कड बोटाने चाचपली, तिथून घोट्याच्या आतल्या टेंगळाच्या खालच्या टोकापर्यंत टेप धरली. १८.२ सेंटिमीटर. मग मोबाइलवर हिशेब केला: १८.२ गुणिले ३.२६, अधिक ३०.८. उत्तर आलं ९०.१. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्याच मापांवरून काढलेलं हे सूत्र १९९५ पासून उपलब्ध आहे. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना ते चालतं आणि चूक दीड सेंटिमीटरच्या आसपास राहते. पाच मिनिटंही लागली नाहीत.

चार वर्षांच्या मुलीची मधली उंची १०२-१०३ सेंटिमीटर असते. ९० सेंटिमीटर ही अडीच वर्षांच्या मुलीची उंची. म्हणजे माझ्या लेकीची उंची अडीच वर्षांच्या मुलीची आणि वजन चार वर्षांच्या मुलीचं. ज्या ठिपक्याकडे बघून मी रडले होते, तो तिच्या उंचीशी ताडून पाहिला असता तर अतिवजनाच्या पट्ट्यात पडला असता.

एवढं सांगून झाल्यावर माझी विनंती आधीच मांडते, म्हणजे पुढचं वाचताना ती डोळ्यांसमोर राहील. नळीवर वाढणाऱ्या मुलाचं फीड, म्हणजे नळीतून द्यायचं पातळ अन्न, नुसत्या वजनाच्या आकड्यावर ठरवू नका. त्याची लांबी मोजा, सरळ होत नसेल तर नडगी मोजा. त्याच्या दंडावरच्या चरबीची घडी मोजा. आणि मग ठरवा.

आपल्याकडे "खाल्लेलं अंगी लागलं" असं म्हणतात. वजन वाढलं की अन्न अंगी लागलं, हे आम्ही आयांनी आणि तुम्ही डॉक्टरांनीही धरूनच चाललो आहोत. पण काट्याला किलो कळतो, तो किलो कशाचा हे कळत नाही. हाडाचा, स्नायूचा, पाण्याचा की चरबीचा? जे मूल रांगतं, उभं राहतं, धावतं, त्याच्या बाबतीत हा प्रश्न सहसा विचारावा लागत नाही, कारण वजन वाढताना त्याचे स्नायूही भरतात, हाडंही लांब होतात. जे मूल मान सावरू शकत नाही, ज्याचे पाय कधी जमिनीवर भार घेत नाहीत, त्याच्या अंगात स्नायूच कमी असतात. स्नायू विश्रांतीतसुद्धा ऊर्जा जाळतात, आणि तेच कमी असल्यामुळे त्याचा रोजचा खर्चही कमी. मग वरून घातलेली जास्तीची ऊर्जा जाते कुठे? उंची तर त्याने वाढत नाही. उंची खुंटण्याची कारणं वेगळी असतात: आधीच्या काळातली उपासमार, पायांवर भार न पडणं, मेंदूच्या इजेचा स्वतःचा परिणाम, कधी हार्मोन्स. जास्तीच्या फीडने हाड लांब होत नाही. जास्तीचं फीड चरबी होऊन बसतं.

चरबी म्हणजे वाईट, असं मला म्हणायचं नाही. तसं कोणी वाचू नये म्हणून हा मुद्दा नीट लिहिते. बाळसं हे निसर्गानेच दिलेलं असतं. जन्मतः बाळाच्या वजनाचा साधारण दहा ते पंधरा टक्के भाग चरबीचा असतो, आणि सहाव्या महिन्याच्या सुमारास तो पंचवीस टक्क्यांच्याही पुढे जातो. ती आजारपणातली शिदोरी असते, वाढत्या मेंदूची गरज असते. मग मूल चालायला लागतं, उंच निघतं, बाळसं उतरतं, आणि पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत ते आयुष्यातलं सगळ्यात सडपातळ होतं. चरबी चढते, उतरते आणि मग पुन्हा सावकाश चढते, हा तिचा क्रमच आहे. नळीवरच्या, न चालणाऱ्या मुलाच्या बाबतीत अडतं ते उतरण्यापाशी. त्याचं बाळसं उतरायची वेळ येते, पण उतरवणारं काहीच त्याच्या दिवसात नसतं. आणि आपण मात्र फीड वयाप्रमाणे वाढवत राहतो.

दुसरी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. तोंडाने जेवणारं लहान मूल एका जेवणात चार घास खातं, दुसऱ्या वेळी ताट ढकलतं, तोंड फिरवतं, ओठ घट्ट मिटून घेतं. आई वैतागते, पण दिवसभराचा हिशेब केला तर ते मूल आपल्या गरजेपुरतं बरोबर खातं. त्याच्या पोटात मोजमाप असतं. नळीला तोंड फिरवता येत नाही. सिरिंजमध्ये २४० मिली भरलं की २४० मिली आत जातं, भूक असो वा नसो. माझी मुलगी फीड संपत आलं की डोळे मिटून डोकं डावीकडे वळवायची. तिला झोप येते, असं मी म्हणायचे. आता वाटतं, ती "पुरे" म्हणत होती. हे वाचणाऱ्या डॉक्टरांना विनंती, आम्हाला हेही शिकवा. नळीची निगा कशी राखायची, सिरिंज कशी धुवायची, फुग्यात पाणी किती, हे सगळं तुम्ही आम्हाला शिकवता. नळीवरच्या मुलाचं पोट भरल्याचं कसं ओळखायचं, हे मला कोणीही सांगितलं नव्हतं.

नळीबद्दल माझ्या मनात राग नाही, उलट ऋण आहे. पहिल्या दीड वर्षात तिला तीनदा न्यूमोनिया झाला, कारण घोट पोटाऐवजी फुप्फुसाकडे जायचा. एका भरवण्याला सव्वा तास लागायचा आणि त्यातलं अर्धं ओघळून जायचं. आधी राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी, मग दोन वर्षांची असताना पेग, म्हणजे पोटावरच्या छिद्रातून थेट जठरात बसवलेली नळी. पेग बसवल्यावर ती प्रथमच रात्रभर शांत झोपली. पोट न उघडता, दुर्बिणीच्या मदतीने ही नळी बसवण्याची पद्धत १९७९ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला गॉडरर आणि पॉन्स्की या डॉक्टरांनी प्रथम वापरली, आणि ती ज्याच्यावर वापरली ते साडेचार महिन्यांचं बाळ होतं. माझ्या मुलीसारख्या मुलांसाठीच ही नळी आली, असं मी मानते. इंग्लंडमध्ये सेरेब्रल पाल्सीच्या ५७ मुलांचा पेगनंतर वर्षभर पाठपुरावा केला गेला. त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये आले: वजन स्पष्ट वाढलं, आणि जवळजवळ सगळ्या पालकांनी मुलाची तब्येत सुधारल्याचं आणि भरवण्याचा वेळ वाचल्याचं सांगितलं. यात काहीच आश्चर्य वाटलं नाही. पण ऑक्सफर्डच्या त्याच गटाने पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, अशा मुलांच्या शरीरात नेमकं काय साठतंय तेही तपासलं. त्यांचा ऊर्जेचा खर्च कमी आणि चरबीचं प्रमाण मात्र जास्त आढळलं, आणि नळीवाटे गरजेपेक्षा जास्त दिलं जाण्याचा धोका त्यांनी तेव्हाच नोंदवून ठेवला. माझी मुलगी त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मली. तरी तिच्या फाइलमध्ये लांबीच्या रकान्यात रेघाच होत्या.

आता तिच्या फीडचा हिशेब. पेगनंतर तिला एका मिलीत एक किलोकॅलरी देणारं फीड सुरू झालं. २४० मिली, दिवसातून पाच वेळा, म्हणजे १२०० किलोकॅलरी. चार वर्षांच्या, दिवसभर बागडणाऱ्या मुलीला साधारण एवढी लागते. माझी मुलगी जागची हलत नाही. न चालणाऱ्या मुलांसाठी एक जुना ठोकताळा आहे: उंचीच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे ११ किलोकॅलरी. चालणाऱ्या पण हालचालीत अडचण असलेल्या मुलांसाठी १४, निरोगी मुलांसाठी १५. तो मुळात पाच ते बारा वर्षांच्या मुलांसाठीचा आहे, हे मला ठाऊक आहे. तरी ९० सेंटिमीटरला ९९० होतात. १२०० आणि ९९० यांतला फरक रोज साठत होता. शिवाय ९९० हीसुद्धा फक्त सुरुवात असते. काही मुलांना त्याहून बरंच कमी पुरतं, ज्यांचे स्नायू सतत ताठरतात किंवा आखडतात अशा काहींना जास्त लागतं. म्हणून कोणताही ठोकताळा वापरला तरी तीन महिन्यांनी माप घेऊन तो तपासावाच लागतो. आमचा कोणी तपासलाच नाही. बारीक मूल लवकर भरून यावं म्हणून जे प्रमाण सुरू झालं, ते मूल भरून आल्यावरही तसंच राहिलं. औषध सुरू करताना तुम्ही "एवढे दिवस" असं लिहिता. फीडच्या चिठ्ठीवर तो दिवस का नसतो?

पुढे जे झालं ते मला जास्त लागलं. पट्ट्याची गोष्ट मी एका डॉक्टरांना सांगितली. त्यांनी मुलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "फीड एक तृतीयांश कमी करा." मी केलं. १२०० मिलीचं ८०० मिली झालं. तीन आठवड्यांत तिची लघवी गडद पिवळी झाली, शौचाला चार-चार दिवस होईना, ओठ सुकायला लागले. कारण साधं होतं, आणि ते मला कळायला हवं होतं असं कोणी म्हणू नये: फीडमध्ये फक्त कॅलरी नसतात. एक तृतीयांश फीड गेलं तेव्हा त्याबरोबर एक तृतीयांश पाणी गेलं, प्रथिनं गेली, लोह, कॅल्शियम, जस्त, ड जीवनसत्त्व गेलं. या मुलांची हाडं आधीच विरळ असतात. पायांवर भार नसतो, फिट्सची काही औषधं ड जीवनसत्त्वाला मारक असतात, आणि मांडीचं हाड नुसते कपडे बदलतानाही मोडू शकतं. अशा मुलाची प्रथिनं आणि कॅल्शियम कापून चरबी कमी करायची म्हणजे जे थोडं आहे तेच काढून घेणं आहे. घरी पाणी घालून फीड पातळ केलं तरी तेच होतं. पोट भरतं, बाकी सगळं पातळ होतं.

अखेर एका आहारतज्ज्ञ मॅडमनी कागद घेतला आणि दोन स्वतंत्र हिशेब मांडले. एकात ऊर्जा, दुसऱ्यात बाकी सगळं. ऊर्जा तिच्या उंची-हालचालीप्रमाणे ८०० किलोकॅलरीपर्यंत आणली. प्रथिनं, खनिजं, जीवनसत्त्वं मात्र तिच्या वयाला लागतात तेवढीच राहतील अशी वेगळी जोड दिली, आणि कमी झालेलं पाणी दोन फीडच्या मधे साध्या पाण्याने भरून काढलं. तो कागद अजून आमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. त्यांनी तारीखही लिहिली होती: "तीन महिन्यांनी दंड आणि नडगी मोजून पुन्हा ठरवू." त्या एका ओळीसाठी मी त्यांची आयुष्यभर आभारी राहीन.

दंड कसा मोजतात ते मी तेव्हाच पाहिलं. खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मधे, दंडाच्या मागच्या बाजूला पेनने खूण करायची. अंगठा आणि तर्जनीने कातडी आणि तिच्याखालची चरबी चिमटीत धरून स्नायूपासून अलगद वर उचलायची. खालचा स्नायू चिमटीत यायला नको. मग कॅलिपरचे, म्हणजे जाडी मोजायच्या चिमट्याचे, दोन जबडे त्या घडीवर ठेवून दोन सेकंदांनी आकडा वाचायचा. तीनदा करायचं, सरासरी घ्यायची. माझी मुलगी पहिल्या चिमटीला दचकली, दुसरीला हसली. १५ मिलिमीटर. जागतिक आरोग्य संघटनेचा दंडाच्या घडीचा तक्ता तीन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी २००७ पासून उपलब्ध आहे. त्यात तिचा आकडा अधिक दोनच्या रेषेच्या, म्हणजे नेहमीच्या मर्यादेच्या वरच्या टोकाच्याही, वर गेला.

या मापालाही मर्यादा आहेत, आणि त्या तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. घडी मोजायला हात बसावा लागतो, दर वेळी मोजणारी व्यक्ती शक्यतो तीच असावी लागते. घडीवरून अंगातल्या एकूण चरबीची टक्केवारी काढण्याची १९८८ ची समीकरणं निरोगी मुलांवर बेतलेली आहेत. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची चरबी ती कमी दाखवतात, म्हणून २०१० मध्ये त्यांची दुरुस्ती सुचवली गेली. डेक्सासारखी, क्ष-किरणांनी हाड, चरबी आणि मांस वेगवेगळं मोजणारी तपासणी अधिक नेमकी असते, पण प्रत्येक मुलाला ती मिळणं शक्य नाही. पण मी टक्केवारी मागतच नाही. तीन महिन्यांपूर्वीची घडी आणि आजची घडी, एवढंच शेजारी शेजारी लिहा. ती चढतेय की उतरतेय हे कळलं तरी अर्ध्या चुका टळतील. युरोपातल्या बालपोटविकार आणि पोषणतज्ज्ञांच्या संघटनेने, एस्पगानने, मेंदूचे विकार असलेल्या मुलांसाठी २०१७ मध्ये हेच सुचवलं: पोषणाचा अंदाज नुसत्या वजन-उंचीवर बांधू नका, त्वचेच्या घडीने चरबी मोजणं हा नेहमीच्या तपासणीचा भाग करा, आणि उंची घेता येत नसेल तिथे गुडघ्यापर्यंतची उंची किंवा नडगीची लांबी घ्या.

घडी दोन्ही बाजूंच्या चुका पकडते, म्हणून मी तिच्या एवढी मागे लागले आहे. माझ्या मुलीसारख्या मुलाचं वजन "छान" दिसतं आणि आत नुसती चरबी साठत असते. याच्या उलट, एखादं मूल काटकुळं दिसतं, वजन तक्त्याच्या तळाशी असतं, पण घडी मोजली तर चरबी पुरेशी निघते. त्याचं वजन कमी असतं ते स्नायू कमी म्हणून. त्याला उपाशी समजून फीड वाढवलं तर काय होणार ते वर लिहिलंच आहे. तिसरं मूल खरोखर उपाशी असतं आणि वजन-उंचीच्या प्रमाणात मात्र ते लपून राहतं, कारण दोन्ही बरोबरीने खुंटलेलं असतं. त्याची घडी कागदासारखी पातळ लागते. त्याला ताबडतोब अन्न हवं असतं. ही तीन मुलं तुमच्या एकाच ओपीडीत एकामागे एक बसलेली असतात. काट्यावरून ती ओळखू येत नाहीत.

माझं पत्र वाचून कोणी फीड कमी करायच्या मागे लागू नये, ही भीती मला हे लिहिताना सतत वाटते आहे. उपाशी राहण्याचा धोका फार मोठा आहे. कॅलिफोर्नियातल्या सेरेब्रल पाल्सीच्या हजारो मुलांच्या नोंदींवरून २०११ मध्ये खास ग्रोथ चार्ट तयार झाले. हालचालीच्या पाच पातळ्यांचे वेगवेगळे, आणि पाचव्या, म्हणजे सगळ्यात जास्त आधार लागणाऱ्या, पातळीत नळीवरच्या आणि बिननळीच्या मुलांचे पुन्हा वेगळे. त्याच नोंदींत दिसलं की ज्यांना जास्त आधार लागतो अशा मुलांचं वजन त्यांच्याच चार्टवर विसाव्या पर्सेंटाइलच्या खाली गेलं, म्हणजे शंभरांतल्या सगळ्यात कमी वजनाच्या वीस मुलांत आलं, की मृत्यूचं प्रमाण वाढतं. ते चार्ट वाचताना एक भान ठेवायला हवं. ही मुलं कशी वाढली ते त्यात आहे, कशी वाढायला हवीत ते नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये भारतासह सहा देशांतल्या, आईच्या दुधावर नीट वाढलेल्या निरोगी बाळांवरून तक्ते केले, ते वाढ कशी असावी हे सांगतात. दोन्ही तक्ते उपयोगी आहेत. पण कोणत्याही तक्त्याच्या मधल्या रेषेवर वजन नेऊन ठेवणं हे उपचाराचं ध्येय होऊ शकत नाही. आणि माझ्यासारख्या आयांना कळकळीचं सांगणं: हे वाचून घरच्या घरी फीड कमी करू नका. एका वर्षाच्या आतल्या बाळाचं तर मुळीच नाही. डॉक्टरांना "घडी मोजा" म्हणा, मग ठरवा.

मी सेरेब्रल पाल्सीबद्दल लिहिते, कारण मला तेवढंच जवळून माहीत आहे. पण नळीवर वाढणारी सगळी मुलं अशी नसतात. हृदयात दोष असलेलं बाळ श्वास घेण्यातच ऊर्जा घालवतं, त्याला जास्त लागते. अपुऱ्या दिवसांचं बाळ सुरुवातीला नळीवर असतं, कारण चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसायला लागतो. अशी बाळं पूर्ण दिवसांची होतात तेव्हा त्याच दिवसांच्या इतर बाळांपेक्षा त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त आणि बाकी मांस कमी आढळतं. इतक्या वेगवेगळ्या मुलांना एकच मापदंड लावता येत नाही, एवढं माझ्यासारखीलाही कळतं.

जास्तीच्या चरबीने काय बिघडतं, असंही मला विचारलं गेलं. "थोडी गुटगुटीत असली तर काय झालं?" पाठीचा कणा वाकलेल्या मुलीच्या छातीवर आणि पोटावर तीन किलो जास्तीचे बसले की श्वास आखूड होतो. रात्री तिच्या घशातली घरघर वाढली होती. मांडीच्या घड्यांत घाम साठून कातडी सोलवटायची. पेगच्या छिद्राभोवती पोट वाढलं तशी नळी आखूड पडून आत रुतायला लागली, तिथे लाल कडं उमटलं. उभं करायच्या फळीवर तिला बांधायला पूर्वी एकटी मी पुरे व्हायचे, मग दोघं लागायला लागलो, आणि दोघं रोज घरात नसतो, म्हणून उभं राहणं आठवड्यातून दोनदावर आलं. उभं राहणं कमी झालं म्हणजे हाडांवरचा भार आणखी कमी. तिला उचलताना माझ्या कमरेत भरलं ते आठ दिवस. त्या आठ दिवसांत तिला आंघोळ कोणी घातली, कूस कोणी बदलली, हे फाइलच्या कुठल्याच रकान्यात येत नाही. आमचं पाठीचं दुखणं हा या मुलांच्या पोषणाचाच भाग आहे, हे कृपा करून लक्षात घ्या.

तुमच्या अडचणी मला दिसतात. ओपीडीत एका मुलाला मिळतात सात-आठ मिनिटं. त्यात फिट्स, औषधं, खोकला, नळी, शौच, झोप. कॅलिपर सगळीकडे नसतो, असला तरी वापरायची सवय नसते. वजन मात्र सिस्टर आधीच करून ठेवतात, म्हणून बोलणं वजनावर होतं. माझं म्हणणं आहे की नडगीची लांबीही सिस्टरांनीच आधी घ्यावी, वजनासारखी, दर भेटीला. त्यांना एकदा शिकवलं की त्या अचूक घेतील. घडी तीन किंवा सहा महिन्यांनी आहारतज्ज्ञांनी घ्यावी. जिथे लांबी मोजता आली नाही तिथे रेघ मारू नये, "मोजता आली नाही, पुढच्या वेळी नडगी" असं लिहावं. रेघ मारली की प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. आणि नळी बसवायच्या आधीच्या बैठकीत, जेव्हा तुम्ही आम्हाला जखमेबद्दल आणि संसर्गाबद्दल सांगता, तेव्हाच सांगा: पहिले काही महिने फीड भरून काढण्यासाठी असेल, नंतर ते बदलेल, वजन एका जागी थांबलं तर घाबरू नका. हे आधी कळलं असतं तर वजन न वाढलेल्या पहिल्या महिन्यात मी रात्री गुपचूप ६० मिली जास्तीचं फीड दिलं नसतं.

होय, ते मी केलं. कारण दर भेटीला वजन वाढलं की तुमच्या चेहऱ्यावर आनंद दिसायचा, आणि नाही वाढलं की तुम्ही विचारायचात, "फीड नीट देताय ना?" या एका प्रश्नाने आई घरी जाऊन काय करते, ते तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिलं.

आता ती साडेपाच वर्षांची आहे. नडगी २०.३ सेंटिमीटर, म्हणजे उंची ९७. वजन १५.१. दीड वर्षात वजन पाऊण किलोने उतरलं आणि उंची सात सेंटिमीटर वाढली. घडी १५ वरून ११ वर आली. छातीचा पट्टा लागतो. मी पुन्हा एकटी तिला फळीवर उभी करते, रोज. फीड संपत आलं की ती डोकं डावीकडे वळवते, आणि तेव्हा मी थांबते.

पुढची तपासणी या महिनाअखेरीस आहे. डॉक्टर नवीन आहेत, त्यांची-आमची ओळख नाही. मी तिला बिनबाह्यांचा फ्रॉक घालून आणेन, दंड मोजायला सोपा पडेल असा. टेप माझ्या पिशवीत असेल.

आपली,
नळीवर वाढणाऱ्या एका मुलीची आई